नवऱ्यापासून लपवलेली किल्ली

आमच्या घरात एक किल्ली आहे, माझ्या बंदुकीच्या कपाटाची. ती कुठे असते हे माझ्या नवऱ्याला माहीत नाही, आणि माहीत असता कामा नये असं पोलिसांकडच्या माणसाने आमच्याच स्वयंपाकघरात, आमचाच चहा पीत मला बजावलं. नवरा तेव्हा बाजूला बिस्किटांची बशी धरून उभा होता. एकोणीस वर्षांचा संसार. बँकेचे पासवर्ड, फोनचं लॉक, सासूबाईंच्या कपाटातल्या चोरकप्प्याची जागा, काही म्हणजे काही एकमेकांपासून लपवलेलं नव्हतं. आणि आता ही किल्ली.

लंडनमध्ये अकरा वर्षं काढून आम्ही करोनाच्या मागोमाग, 2021 मध्ये, इंग्लंड-वेल्स सीमेजवळच्या एका खेड्यात राहायला आलो. मी फिजिओथेरपिस्ट, वीस मैलांवरच्या रुग्णालयात नोकरी. लंडनला असताना बंदूक पाहिली ती विमानतळावरच्या पोलिसांच्या हातात तेवढीच. रस्त्यावर गस्त घालणारा साधा शिपाई इथे बंदूक बाळगत नाही. खेड्यातला पहिला ऑक्टोबर उजाडला आणि एका शनिवारी सकाळी टेकडीमागून बारांवर बार ऐकू यायला लागले. मी धावत जाऊन लेकीला खिडकीतून मागे ओढलं. कुंपणापलीकडे आमचा शेजारी, सत्तरीला टेकलेला मेंढ्यावाला शेतकरी, आपला फाटकाची कडी ठोकत होता. मान वर न करता म्हणाला, "फेझंट. एक फेब्रुवारीपर्यंत चालणार. रविवारी सुट्टी." फेझंट म्हणजे तितराच्या कुळातला एक पक्षी; त्याच्या शिकारीचा हंगाम सुरू झाला होता.

पुढच्या उन्हाळ्यात तोच मला ‘मातीची कबुतरं’ मारायला घेऊन गेला. नावाला माती, खरं तर डांबर आणि चुनखडीची, बशीएवढी नारिंगी चकती. यंत्र ती हवेत भिरकावतं आणि आपण तिच्यावर बार टाकायचा. पोलिसांनी मंजूर केलेल्या मैदानावर, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, परवाना नसलेल्यालाही हे करता येतं. शिकवणाऱ्याने मला वीस बोअरची हलकी दुनळी दिली, दस्ता गालाशी नीट टेकवून घेतला आणि सांगितलं, नळीकडे बघायचं नाही, चकतीकडे बघायचं. मी "पुल!" म्हणून ओरडले, चाप ओढला, चकती निवांत जाऊन गवतात पडली. पहिल्या अकरा तशाच गेल्या. बारावी हवेतच फुटली, काळा धूर झाला, आणि मी बेचाळीस वर्षांची बाई पोरीसारखी किंचाळले. रात्री खांद्यावर जांभळा डाग होता. रोज दुसऱ्यांचे खांदे नीट करते, त्यामुळे स्वतःचा तपासताना जरा मजाच वाटली.

सप्टेंबर 2022 मध्ये मी शॉटगनच्या परवान्यासाठी अर्ज केला. पाच वर्षांचा परवाना, फी तेव्हा साडेएकोणऐंशी पौंड. (फेब्रुवारी 2025 पासून तीच 194 पौंड झाली आहे.) इथला मूळ कायदा 1968 चा. छर्ऱ्यांची शॉटगन एका कलमात, रायफल दुसऱ्या, आणि पिस्तूल-रिव्हॉल्व्हर जवळजवळ पूर्ण बंद. रायफल हवी असेल तर सबळ कारण तुम्ही सिद्ध करायचं; शॉटगन नाकारायची असेल तर कारण पोलिसांनी द्यायचं. पण ‘स्वसंरक्षण’ हे कारण या दोन्हींसाठी चालत नाही. लंडनच्या एका मराठी मैत्रिणीने फोनवर सहज सुचवलं, "लिही की, खेड्यात एकटं घर आहे, भीती वाटते." शेजाऱ्याला हे सांगितलं तर त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी मेंढ्यांना विष घालायचं म्हणत होते. "तो शब्द अर्जात लिहू नकोस. कोणाशी बोलूही नकोस," म्हणाला.

आईला सांगितलं तर तिसरंच. कुडाळजवळ आमच्या घरी आज्याची ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाचा परवाना. माडावर वानर, भातात रानडुक्कर. आजा नळीत दारू घालायचा, वर काथ्या, मग छर्रे, गजाने ठासायचा, केप लावायचा, आणि इतका वेळ लावायचा की डुक्कर तोवर पोटभर जेवून निघून जायचं. निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून पावती आणायची, निकाल लागला की परत घेऊन यायचं. त्याची ती पावती देवघराच्या फळीवर असायची. आई म्हणाली, "तुका बंदूक कित्याक होयी? आज्यान कधी मागूक नाय, ती घरात होतीच."

या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

अर्जात एक जामीनदार लागायचा, म्हणजे दोन वर्षं तरी ओळखणारा, नात्यातला नसलेला, चांगल्या चालचलणुकीचा माणूस. (आता दोन लागतात.) माझ्याबरोबर काम करणारी एक स्कॉटिश बाई आहे, लंडनपासूनची ओळख; तिच्यापेक्षा चांगलं कोण सांगणार? जेवणाच्या सुट्टीत विचारलं. तिने डबा बंद केला. म्हणाली, "तुझ्यासाठी मी मूत्रपिंड देईन. हे नाही करणार."

तिचं माहेर स्टर्लिंगच्या बाजूला. 13 मार्च 1996 ला ती चौदा वर्षांची होती. त्या दिवशी डनब्लेन गावातल्या प्राथमिक शाळेच्या व्यायामशाळेत एक माणूस परवान्याची पिस्तुलं घेऊन शिरला आणि सोळा मुलं आणि त्यांची शिक्षिका मारली. मुलं पाच-सहा वर्षांची. पुढे विम्बल्डन जिंकलेला अँडी मरे तेव्हा आठ वर्षांचा, त्याच शाळेत. नंतर खासगी पिस्तुलांवर बंदी आणा म्हणून अर्ज फिरला, त्याचं नाव ‘स्नोड्रॉप’, कारण त्या थंडीत तेवढंच एक फूल फुललेलं होतं. सात लाखांवर सह्या झाल्या. तिची आई दुकानाबाहेर टेबल टाकून सह्या गोळा करत होती आणि ही पेनं संभाळत होती. "पेन गोठायची," ती म्हणाली. "मी खिशात धरून गरम करायचे." एवढं बोलून ती हात धुवायला गेली. आम्ही आजही एकत्र जेवतो; हा विषय मात्र डब्याच्या बाहेर ठेवलेला आहे.

शेवटी सही केली आमच्या लेकीच्या पियानोच्या बाईंनी. त्यांनी फक्त विचारलं, "कबुतरं मारणार असशील तर दोन मला देशील का?"

पुढचा टप्पा डॉक्टरचा. 2021 च्या नोव्हेंबरपासून नियम कडक झालेत आणि त्यालाही कारण आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्लिमथच्या कीहॅम भागात एका तरुणाने पाच जणांना मारलं, त्यात तीन वर्षांची मुलगी होती. पोलिसांनी काढून घेतलेली शॉटगन आणि परवाना त्याला काही आठवड्यांपूर्वीच परत मिळाला होता. तेव्हापासून डॉक्टरच्या माहितीशिवाय परवाना नाही. अर्जात विचारतात, कधीही नैराश्य, चिंता, दारूचा त्रास झाला होता का? बाबा गेले तेव्हा, 2016 मध्ये, मी सात महिने गोळ्या घेतल्या होत्या. आमच्याकडे हे कोणी लिहून देत नाही. मी रात्रभर विचार केला आणि लिहिलं. दवाखान्याने कागद भरायचे वेगळे पैसे घेतले, वर दहा आठवडे लावले, आणि मधे एकदा माझा कागदच हरवला. माझ्या वैद्यकीय नोंदीवर आता एक खूण आहे की या बाईकडे बंदूक आहे. उद्या मी रडत डॉक्टरकडे गेले तर आधी तीच दिसणार. मला ते बरोबर वाटतं, आणि थोडं लागतंही.

या वाट पाहण्याच्या महिन्यांत मी बराच इंग्लंड पाहिला.

नोव्हेंबरात शेजाऱ्याच्या ओळखीने एका शूटवर, म्हणजे फेझंटच्या शिकारीवर, हाकारी म्हणून गेले. हाकाच तो! कोकणात रान उठवतात तसाच. खताच्या रिकाम्या पिशवीचं फडकं काठीला बांधायचं, रांगेत झुडपं बडवत पुढे सरकायचं, पक्षी उठवायचे. पलीकडे दरीत क्रमांकाच्या खुंट्यांशी ट्वीडच्या कोटातले बंदूकवाले उभे. बंदूकधारी माणसालाच इथे ‘गन’ म्हणतात: "आज आठ गन आहेत." एका माणसाचा दिवसाचा खर्च माझ्या महिन्याच्या पगाराच्या जवळ जाणारा. फेझंट मुळात रानातला पक्षी राहिलेलाच नाही. दर वर्षी कोट्यवधी पिल्लं पाळून याचसाठी सोडली जातात. हाकाऱ्यांत गावातली पोरं, पोस्टातून निवृत्त झालेला एक, दोन आज्या आणि मी. संध्याकाळी रोख पैसे आणि पायाला दोरी बांधलेली पक्ष्यांची जोडी हातात. मी घरी नेऊन वाटप घालून रस्सा केला. मांस कोरडं, पण वाटपात सगळं मावतं. लेकीच्या दाताखाली छर्रा आला. तिने तो काढून ताटाच्या कडेला ठेवला, टिक्‌ असा आवाज झाला.

सोमवारी रुग्णालयात मी उत्साहाने सांगितलं की मी ‘हंटिंग’ला गेले होते. खोलीत एकदम शांतता. मग एकीने विचारलं, "म्हणजे घोड्यावरून?" आपल्याकडे शिकार म्हटलं की सगळं त्यात आलं. इथे हंटिंग म्हणजे घोडे आणि कुत्र्यांचा तांडा घेऊन कोल्ह्यामागे धावणं. पक्ष्यांवर बार टाकणं ते शूटिंग. हरणाच्या मागावर जाणं ते स्टॉकिंग. आणि या तीन शब्दांमागे तीन वेगळी माणसं, तीन वेगळ्या जमिनी. पैकी हंटिंगवर इंग्लंड-वेल्समध्ये 18 फेब्रुवारी 2005 पासून बंदी आहे. त्याआधी 2002 मध्ये चार लाख लोक या बंदीच्या विरोधात लंडनच्या रस्त्यावर उतरले होते; संसदेच्या वरच्या सभागृहाने, लॉर्ड्सनी, कायदा अडवला, तेव्हा खालच्या सभागृहाने, कॉमन्सने, विशेष अधिकार वापरून तो रेटला.

बंदी असूनही 26 डिसेंबरला आमच्या बाजाराच्या गावात लाल कोटांतल्या हंटिंगवाल्यांचा मेळा भरलाच. आता ते कोल्ह्यामागे जात नाहीत, आधी ओढून ठेवलेल्या वासामागे कुत्री सोडतात, असं ते म्हणतात. चौकात चाळीसेक कुत्री, घोड्यांच्या नाकातून वाफ, वर बसलेल्यांना खालून पेले पोचवले जात होते. आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला फलक घेतलेली माणसं: खुनी, खुनी. मधे एक पोलीस, बिनबंदुकीचा, दोन्ही बाजूंच्या ओळखीचा, मुलांना कुत्र्यांपासून लांब ठेवत होता. मी शेजाऱ्याला विचारलं, तू कुठल्या बाजूचा? तो कोल्ह्यांना रायफलने मारतो, मेंढ्या विण्याच्या दिवसांत, रात्री, दिवा लावून. ते कायदेशीर आहे आणि गावात त्यावर कोणी चकार शब्द काढत नाही. म्हणाला, "मी कुठल्याच नाही. एक बाजू माझं कुंपण तोडते, दुसरी फाटक उघडं टाकते." मग थोडं थांबून, "त्यांना कोल्हा मेला याचं दुःख नाही गं. मारताना कोणी मजा केली, याचा राग आहे." लंडनला आमच्या मागची बाई रोज रात्री कोल्ह्याला उरलेली कोंबडी घालायची. तिला हे वाक्य ऐकवायला हवं होतं.

मैदानावर एक म्हातारेबुवा भेटायचे, ऐंशीच्या पुढचे. ते पूर्वी .22 पिस्तुलाने, म्हणजे छोट्या गोळीच्या, कागदी निशाणावर नेम धरायचे, जिल्ह्याच्या संघात होते. डनब्लेननंतर पंतप्रधान जॉन मेजर यांच्या सरकारने मोठी पिस्तुलं बंद केली आणि .22 क्लबात कुलूपबंद ठेवायला परवानगी दिली. त्याच 1997 साली ब्लेअर सरकार आलं आणि तीही गेली. देशभरातून दीड लाखाहून जास्त पिस्तुलं लोकांनी पोलिसांकडे नेऊन दिली. बुवांनी आपलं पिस्तूल एका बुधवारी चहाच्या टॉवेलात गुंडाळून ठाण्यावर नेलं, रांगेत उभे राहिले, पावती घेतली. क्लब त्याच वर्षी बंद पडला. ब्रिटनच्या पिस्तूल नेमबाजांना सरावाला परदेशी जावं लागायचं, आणि 2012 च्या लंडन ऑलिम्पिकसाठी सरकारला खास सवलत द्यावी लागली. उत्तर आयर्लंडमध्ये मात्र आजही परवान्यावर पिस्तूल मिळतं. बुवा म्हणाले, "कायदा चुकीचा होता. मी एका माणसालाही काही केलं नव्हतं." मी विचारलं, मग तुम्ही विरोध केला का? त्यांनी मान हलवली. "टीव्हीवर त्या फाटकाबाहेरच्या आया पाहिल्या होत्या. त्यांच्यासमोर उभं राहून मी काय म्हणणार होतो, मला माझा छंद हवाय?"

परवान्यावर ठासणीचं पिस्तूल अजून चालतं, असंही त्यांनीच सांगितलं. मी त्यांना आज्याच्या बंदुकीची गोष्ट सांगितली, पावतीसकट. खूप हसले. मग मी त्यांना हेही ऐकवलं की तुमच्या लोकांनी 1878 ला आमच्याकडे शस्त्र कायदा लावून बंदुकीला परवाना सक्तीचा केला, तेव्हा तुमच्याकडे पोस्टात दहा शिलिंग भरले की काम व्हायचं. स्वतःच्या लोकांवर खरा अंकुश ठेवायला तुम्हाला 1920 उजाडलं. ते म्हणाले, "तेव्हा आम्हाला तुमची भीती होती. नंतर आमचीच वाटायला लागली."

मे 2023 मध्ये पोलिसांकडचा माणूस आला. साध्या वेशात, हातात फाईल, बूट दारात काढले. आधी कपाट पाहिलं. पोलादी, उभं, चार बोल्टांनी भिंतीत ठोकलेलं. आमची भिंत जुन्या दगडाची, भोक पाडताना दोन ड्रिल गेले होते. त्याने ते दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवलं, मग खांद्याने ढकललं. "छान." ते माझ्या साड्यांच्या मागे आहे. एक कांजीवरम बाजूला सारून त्याने आत डोकावलं, तेव्हा मला उगाच लाज वाटली.

मग स्वयंपाकघरात तासभर. बाबांबद्दल विचारलं, गोळ्यांबद्दल विचारलं. झोप लागते का? दोघांत भांडणं होतात का, आणि झाली की कोण दार आपटतं? दारू किती? मला बाहेर पाठवून नवऱ्याला एकट्याला विचारलं. त्याने काय सांगितलं ते तो आजतागायत सांगत नाही. शेवटी सहज विचारावं तसं: "रात्री चोर शिरला तर?"

मला उत्तर माहीत होतं. 999 लावायचा, कपाटाला हात नाही. पण त्याच वेळी नॉरफोकचा टोनी मार्टिन डोळ्यांपुढे आला. त्याने 1999 मध्ये घरात शिरलेल्या सोळा वर्षांच्या मुलाला शॉटगनने मारलं. परवाना रद्द झालेला, बंदूक बेकायदा. आधी खुनाची शिक्षा, मग अपिलात ती सदोष मनुष्यवधावर आली, आणि अर्धा देश त्याच्या बाजूने बोलत होता. इथले लोकही दिसतात तेवढे थंड नाहीत. मी सांगितलं, "फोन करीन." त्याने लिहून घेतलं. मग पेन ठेवून विचारलं, "नाहीच मिळाला परवाना, तर काय कराल?"

"काही नाही," मी म्हटलं. "मैदानाची बंदूक घेऊन चकत्या मारीन, आता मारते तशा. वाईट वाटेल."

तो पहिल्यांदा हसला. "हेच ऐकायचं होतं," म्हणाला. "ज्याला फार हवी असते, त्याची फाईल मी दोनदा वाचतो." आणि मला आईचं ते ‘कित्याक होयी’ आठवलं. शेजाऱ्याने तो शब्द लिहू नको म्हटलं होतं, बुवा त्या आयांसमोर ‘मला हवाय’ म्हणू शकले नव्हते. घरात आहेच, शेतीला लागते, वडिलांची होती, असं असलं की या देशाची हरकत नसते. इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे पाच लाख लोकांकडे परवाने आहेत. कुठे बोलणं नाही, दाखवणं नाही. हवीशी वाटणं, हे मात्र लोकांना तपासून घ्यावंसं वाटतं.

जाता जाता त्याने किल्लीचं सांगितलं. परवाना तुमच्या नावाचा, म्हणून किल्ली तुमची. नवऱ्याच्या हाती लागता कामा नये.

परवाना जुलैत आला. मी जुनी वीस बोअरची दुनळी घेतली. तिचा नंबर परवान्यावर चढला. दिवाळीला लंडनहून मित्रमंडळी आली, फराळ झाला आणि एकाने विचारलंच, "दाखव ना गं, फोटो काढू." मी नाही म्हटलं. मला वाटलं होतं त्यापेक्षा जोरात म्हटलं असावं, कारण सगळे चकल्यांकडे वळले.

परवा मला रुग्णालयातून यायला उशीर झाला. नवऱ्याने खिचडी टाकायला तांदळाचा डबा उघडला आणि वाटी खोल बुडवली. मी आले तेव्हा किल्ली माझ्या ताटाशेजारी, लिंबाच्या फोडीजवळ ठेवलेली होती. तो पापड भाजत होता. म्हणाला, "मी काही पाहिलेलं नाही."

जेवण झाल्यावर मी त्याला कुत्र्याला फिरवायला बाहेर पाठवलं, लेकीला वर पाठवलं, आणि जागा बदलली.